पाठकोरं कार्ड

१

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, तेव्हा कवळीवाला एका बाईंचा खालचा जबडा घासत बसला होता. जबडा म्हणजे कवळी हो. बाई आपल्या घरी खुशाल होत्या.

“कवळीकाका, आत्ताच्या आत्ता या,” पलीकडून भाषाकाराच्या मुलीचा आवाज आला. “बाबा उठत नाहीयेत. आणि त्यांनी सुळे घातलेत.”

कवळीवाला तीन गल्ल्या ओलांडून, तीन मजले चढून, धापा टाकत वर पोचला. कार्डांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. चारही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, मधोमध टेबल, टेबलावर टाइपरायटर. त्याच्यासमोर खुर्चीत त्याचा पस्तीस वर्षांपासूनचा दोस्त मान मागे टाकून बसला होता. तोंड उघडं होतं, आणि त्या तोंडातून बोटभर लांबीचे पिवळट सुळे छताकडे रोखलेले होते. जिवंतपणी त्या सुळ्यांना पाहून पोरं हसायची. आज कुणी हसलं नसतं.

हे सुळे कवळीवाल्याच्याच हातचे. पस्तीस वर्षांपूर्वी परग्रहावरच्या लढवय्या द्राख लोकांची एक मालिका निघाली. तिच्यासाठी कवळीवाल्याने दात बनवले आणि या माणसाने भाषा. म्हणजे अक्षरशः शून्यातून भाषा! द्राखी. सुळे घातले की ओठ मिटत नाहीत, म्हणून द्राखीत प, फ, ब, भ, म नाहीच. प्रत्येक नवा शब्द तो आधी सुळे घालून स्वतः बोलून पाहायचा, मगच कार्डावर चढवायचा. मालिका पाच वर्षांत आटोपली, पण भाषा काही मेली नाही. आता हजारेक माणसं ती बोलत होती. कुणी तीत पत्रं लिहायचं, कुणी भांडायचं, एकाने तर तीत लग्न लावलं होतं.

कवळीवाल्याने मित्राच्या कपाळाला हात लावला. गार. मग, सवयीचा गुलाम, त्याची नजर दातांवर गेली. वरची पट्टी तिरपी झाली होती, एका बाजूने चांगली दाणाभर खाली लोंबत होती.

त्याचा जीव शरमेने अर्धा झाला. वर्षभरापूर्वी भाषाकाराचे सगळे दात काढावे लागले होते. तेव्हा कवळीवाल्याने त्याला दोन गोष्टी करून दिल्या: जेवायची कवळी आणि बोळक्या हिरड्यांवर बसणारे नवे सुळे. तेही गुपचूप, कारण म्हाताऱ्याला लाज वाटायची. ‘लढवय्यांच्या भाषेचा बाप बोळका, हे कळलं तर मंडळी काय म्हणतील?’ आणि आता तेच काम असं लोंबत होतं. शेवटच्या घटकेला मित्राच्या तोंडात आपलं चुकलेलं माप! कवळीवाल्याने मान फिरवली ती फिरवलीच.

तिथेच त्याने घोडचूक केली.

“काका,” मुलगी दारातून म्हणाली, “एक खण नाहीये.”

वरच्या रांगेतला पहिला खण. भिंतीत तिथे काळं चौकोनी भोक होतं.

२

शुक्रवारी सकाळी बाईसाहेब आल्या. बाईसाहेब म्हणजे तपास करणाऱ्या पोलीस निरीक्षक. बारीक बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, आणि कवळीवाल्याच्या मते अशी माणसं चिवट असतात.

“रक्तात हृदयाच्या गोळ्या सापडल्यात. अख्ख्या आठवड्याच्या, एकदम,” त्या म्हणाल्या. “कॉफीत विरघळवलेल्या. गोळ्यांची डबी कोण भरतं?”

“मी,” मुलगी म्हणाली. ती छत्तीस वर्षांची, पोस्टात नोकरीला. “दर गुरुवारी सकाळी भरते. काल भरून बाराला कामावर गेले, चारला आले.”

“वडिलांशी पटायचं?”

मुलीने मनात होतं ते सांगून टाकलं. “नाही. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून या घरात मी आणि ही कार्डं. शाळेतून आले की बाबा दात घालून बसलेले. ज्या भाषेत धड ‘बाबा’ म्हणता येत नाही, ती माझ्या काय कामाची? मी त्यातला एक शब्द कधी तोंडात येऊ दिला नाही. गेल्या महिन्यात मीच सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले होते, तुमच्याबरोबर ही कार्डंही जाळून टाकीन.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. आणि रोज संध्याकाळी त्यांची कवळी मीच धुवायचे. ते कुणी पाहिलं नाही.”

बाईसाहेब खिडकीशी गेल्या. खाली, रस्त्यापलीकडच्या बागेत चाळीसेक माणसं ओळीने उभी होती. बाया, पुरुष, म्हातारे, सगळ्यांच्या तोंडात सुळे. कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांची नजर या खिडकीवर होती. द्राखी बोलणाऱ्यांचा नियमच तसा होता: भाषेचा कर्ता गेला की तीन दिवस भाषा बंद. तिसऱ्या दिवशी त्याचा वारस पहिला शब्द उच्चारणार, मग इतरांनी तोंड उघडायचं.

“सकाळी दाराशी काहीतरी ठेवलेलं होतं,” मुलगी म्हणाली. तिने रुमाल उघडला. आत मेणाचा एक सुळा होता, मधोमध मोडलेला. “घरातल्या वैऱ्याला हे देतात म्हणे.”

जिन्यात बाईसाहेबांनी कवळीवाल्याला गाठलं. “टेबलावर एक अर्धवट कार्ड होतं. दात घालून काम करताना माणूस गेला, असं दिसावं म्हणून सगळी मांडामांड. पण गोळ्यांनी बिंग फोडलं. डबी तिची, घर तिचं, धमकी तिची. काल दुपारी आणखी तिघंजण येऊन गेले. पण तिघंही म्हणतात, आम्ही निघालो तेव्हा म्हातारा ठणठणीत होता. उद्या दुपारी मी तिला घेऊन जाणार आहे.”

“तिने नाही केलं हे.”

“कशावरून?”

या पोरीचा पहिला दुधाचा दात त्याने स्वतः दोऱ्याने काढला होता, एवढंच त्याच्याकडे होतं, आणि ते काही पोलिसांत चालत नाही.

३

“उद्या दुपारपर्यंत काय ते विचारून घ्या,” बाईसाहेब म्हणाल्या होत्या. “तुमच्याशी माणसं बोलतात. तुमच्यापुढे तोंड उघडायची सवय आहे त्यांना.”

पहिला सापडला नट. मालिकेत तो द्राखांचा सरदार होता. पस्तीस वर्षांत दुसरी धड भूमिका मिळाली नाही, पण त्या एकीवर स्वारी अजून पोसली जात होती. घरात जिकडेतिकडे त्याचेच फोटो, सगळे सुळ्यांतले.

“दीडला गेलो, दोनला निघालो,” तो म्हणाला. “नव्या कोशासाठी जुन्या आठवणी हव्या होत्या त्याला. शब्दांचा जन्म सांगणारा कोश! कुठला शब्द कशावरून आला, सगळं छापणार होता. अरे, लोकांना वाटतं हे शब्द रणांगणात जन्मले. ‘तलवारी’चा शब्द त्याने कुकरच्या शिट्टीवरून केलाय! ‘फितूर’ त्याच्या मेहुण्याच्या घोरण्यावरून. निम्मे तर माझ्या चुकांवरून. मी ओळ विसरायचो, दात सटकायचे, तोंडाला येईल ते ओकायचो. तो म्हणायचा, राहू दे, छान आहे.”

“कुठले शब्द?”

“अल्घा!” नट मांडीवर थाप मारून हसला. “सरदार मरतो तो प्रसंग. मी ओळ साफ विसरलो, त्यात दात घशाशी. खोकलो, तर तोंडातून निघालं ‘अल्घा’. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी! आता पोरं तो शब्द छातीवर गोंदवून घेतात. द्राखीवाल्यांच्या यंदाच्या मेळाव्यात मी हे सांगितलं आणि लोक लोळले हसून. एकटा सेनापती, तो मंडळाचा प्रमुख, तेवढा उठून गेला. त्याला विनोदाचं वावडंच आहे.”

“भाषाकाराच्या दातांचं तुला ठाऊक होतं?”

“बोळकं? तुझ्याच दुकानात नाही का पाहिला मी त्याला, आ वासून बसलेला? माझा दात बसवायला आलो होतो. मला शपथ घातली त्याने. आणि मी पोटात ठेवलं हो! आयुष्यात तेवढंच एक गुपित पाळलंय.”

दाराशी येताना नटाचं हसू मावळलं. “दोनला निघालो तोवर त्याने कॉफी मागितली नव्हती, मीही केली नाही. पण त्याने मला विचारलं, ‘माणसाला खरं सांगितलं तर तो खुश होईल की नाही, हे कसं ओळखायचं?’ मला वाटलं माझ्याबद्दल बोलतोय.”

४

प्रकाशकाचं ऑफिस छापखान्याच्या माळ्यावर होतं. खालची यंत्रं चालू झाली की टेबलावरचे पेले थरथरायचे. प्रकाशक गलेलठ्ठ, दाढा सगळ्या किडलेल्या. तोंडात अखंड पेपरमिंट.

“मी बारा वाजून गेल्यावर गेलो, एकच्या आत परतलो. मुलगी जिन्यात भेटली होती मला,” तो म्हणाला. “पुढची कार्डं आणायला गेलो होतो. आणि सांगतो, तो गेल्याने माझं दिवाळं वाजणार आहे. दोन वर्षं या कोशावर काढलीत.”

“चोरीला गेलेल्या खणात काय होतं?”

“‘अ’ची कार्डं. त्यातलं एकही माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. म्हातारा शेवटापासून उलटा देत यायचा. सगळंच उलटं त्याचं! कार्ड करायचा तेही उलटं. आधी पाठीमागे जन्म लिहायचा: कुठला दिवस, कुठला आवाज, कोण काय म्हणालं. आणि मग पुढे शब्द. कधी महिन्याने, कधी वर्षाने. ‘आधी जन्म, मग बारसं,’ म्हणायचा. माझ्याकडे कितीतरी कार्डं अशी यायची की पाठ भरलेली आणि पोट कोरं. मी त्याला म्हणायचो, ही तुझी बिननावाची पोरं परत घेऊन जा.”

“हे आणखी कुणाला ठाऊक होतं?”

“कोशाचं काम करणाऱ्या मला, आणि घरात असते म्हणून मुलीला. कार्डाची पाठ तो बाहेरच्याला दाखवतच नसे. छापून आल्यावर वाचा, म्हणायचा. नट तर त्याच्यापुढे अर्धा तास रडला होता एकदा, स्वतःच्या नावाची कार्डं पाहायला. नाही दाखवली.”

प्रकाशकाने जुना छापील शब्दसंग्रह काढून दिला, नुसते शब्द आणि अर्थ असलेला. ‘अ’चे एकसष्ट शब्द होते.

कवळीवाला तो घेऊन बागेत आला. सुळेवाली मंडळी अजून तशीच उभी होती. तो जवळून गेला तशी चाळीस माना एकदम वळल्या, पण आवाज काही निघाला नाही. कडेच्या दगडी बाकावर टेकून त्याने पुस्तक उघडलं. बाकावर कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती; ती बाजूला सारताना त्याला बाकाच्या पाठीवर कोरलेली अक्षरं दिसली. इतकी वर्षं या बाकावर तो पाव खात बसला होता, पण ती अक्षरं कधी वाचायचा विचार केला नव्हता.

द्राखी लिपी त्याला येत नव्हती. बोट ठेवून ठेवून त्याने ती पुस्तकातल्या अक्षरांशी जुळवली. सत्तेचाळिसावा शब्द.

‘अल्घा: वैऱ्याच्या हाती न लागता विसावलेला. केवळ मृत वीरासाठी.’

खाली साध्या अक्षरांत एका मुलाचं नाव आणि दोन तारखा होत्या. आडनाव सेनापतीचं होतं. मधलं अंतर एकोणीस वर्षांचं.

५

सेनापती हे टोपणनाव. माणूस तसा निवृत्त हवामान-निरीक्षक. पण द्राखी मंडळाचा तो प्रमुख होता, दर वर्षी मेळावा भरवायचा, नव्या शब्दांच्या मागण्या गोळा करून भाषाकाराला द्यायचा. बागेतल्या ओळीतून येऊन तो बाकावर टेकला, त्याने सुळे काढून हातात घेतले आणि मौन मोडल्याबद्दल मान झुकवली. दुसऱ्या भाषेत बोलायला हरकत नव्हती. मांडीवर एक कापडी पिशवी होती, ती त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

“तीनच्या सुमारास गेलो,” तो म्हणाला. “मागण्यांची यादी दिली. पाच मिनिटांत निघालो.”

“बाक तुमच्या मुलाचा आहे?”

“हो.” त्याने बाकावरची फुलं सारखी केली. “पंधराव्या वर्षी त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. पोरं सोडतात तसं. दार लावून ती मालिका बघायचा. मग मीही लपून द्राखी शिकलो. एक दिवस जेवताना त्याला द्राखीत म्हणालो, ‘मीठ दे, योद्ध्या.’ असा काही हसला! तिथून पुढे चार वर्षं आम्ही फक्त द्राखीत बोललो. दवाखान्यातसुद्धा. डॉक्टरांना वाटायचं, औषधांनी वात झालाय. शेवटी त्यानेच सांगितलं, बाकावर काय लिहायचं ते.”

कवळीवाल्याला या माणसावर संशय घ्यायची लाज वाटली. तरी त्याने विचारलं, “तीनला गेलात तेव्हा भाषाकार काम करत होता?”

“करणारच होता. सुळे जवळच होते.” सेनापतीचा आवाज भक्तासारखा झाला. “तेच सुळे, पस्तीस वर्षं. दर मेळाव्याला आम्ही त्यांना हात लावून शपथ घेतो. काचेच्या कपाटातून काढून ते तोंडात घालायचे आणि शब्द जन्मायचा. दुसरी जोडी त्यांनी कधी घातली नाही.”

कवळीवाला मान डोलावून निघाला. अर्धा रस्ता गेल्यावर त्याचे पाय थबकले. काचेच्या कपाटातले? ते जुने. ते तर खऱ्या दातांवर टोपीसारखे बसायचे, आणि खरे दात आता होते कुठे?

तो तसाच पोलीस चौकीत गेला. “बाईसाहेब, त्याच्या तोंडातले दात मला दाखवा.”

“दाखवणारच होते,” बाईसाहेबांनी खण उघडला. “डॉक्टर चक्रावलेत. म्हणतात, एका माणसाच्या तोंडातून दोन जबडे निघाले. एकावर एक.”

पारदर्शक पिशवीत एक जेवायची कवळी होती. तिच्याशेजारी सुळे होते, जुने, पिवळे पडलेले, डाव्या टोकाला पस्तीस वर्षांपूर्वी टवका उडालेले.

“आणि ते कार्ड?”

कार्डावर टाइपरायटरने एक शब्द उमटवला होता. समोर अर्थ: ‘शेवटचा श्वास’. कवळीवाल्याने ते उलटवलं. पाठ कोरी करकरीत होती.

६

शनिवारी सकाळी अकराला कार्डांच्या खोलीत सगळे जमले. मुलगी कोपऱ्यात, हाताची घडी घालून. तिची लहान बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. नट, प्रकाशक, पिशवी मांडीवर घेतलेला सेनापती. बाईसाहेब दाराला टेकून उभ्या होत्या. खाली बागेत आज शंभरावर माणसं होती आणि पान पडलं तरी ऐकू येईल इतकी शांतता होती.

“मी दात बनवतो. मला भाषणं येत नाहीत,” कवळीवाला म्हणाला. “पण ज्याने हे केलं, त्याने दोन चुका केल्या, आणि एक चूक मी केली. आधी माझी सांगतो. गुरुवारी मी दात लोंबताना पाहिले आणि वाटलं, माझंच माप चुकलं. लाजेने दुसऱ्यांदा पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर या पोरीला दोन दिवस हे सोसावं लागलं नसतं.”

त्याने खिशातून निळी डबी काढली आणि उघडली. आत पांढरेशुभ्र सुळे होते.

“भाषाकाराला वर्षभर एकही दात नव्हता. तो काम करायचा या सुळ्यांनी. ही डबी न्हाणीघरात असते. त्याच्या तोंडात सापडले ते जुने. आणि तेही जेवायच्या कवळीवर दाबून बसवलेले! म्हणजे बसवणाऱ्याला वाटलं, ते त्याचे खरेच दात आहेत. मुलगी रोज त्याची कवळी धुवायची, ती असं कधीच करणार नाही. नटाने त्याचं बोळकं डोळ्यांनी पाहिलंय, त्यानेही केलं नसतं.”

नट मोठ्याने हुश्श करून खुर्चीत सैलावला. प्रकाशकाच्या तोंडातली गोळी मात्र थांबली.

“मग मी उरलो की काय?”

“दातांचं तुम्हाला माहीत नव्हतं. पण दुसरी चूक ऐका. टाइपरायटरपुढचं कार्ड. पुढे शब्द आहे आणि मागे कोरं. पाठकोरं कार्ड म्हाताऱ्याने जन्मात केलं नाही. आधी जन्म, मग बारसं. तुम्हीच मला सांगितलंत. देखावा मांडायचा असता तर तुम्ही पाठ भरली असती आणि पोट कोरं ठेवलं असतं.” कवळीवाल्याने श्वास घेतला. “दात नटाला ठाऊक, कार्ड प्रकाशकाला ठाऊक, मुलीला दोन्ही. दोन्ही ठाऊक नसलेला एकच जण तीन वाजता आला होता.”

कुणी सेनापतीकडे पाहिलं नाही. सगळे त्याच्या पिशवीकडे पाहत होते.

त्याने नाकारलं नाही. पिशवीतून हळूच लाकडी खण काढला आणि बाळ ठेवावं तसा टेबलावर ठेवला.

“घरी ठेवायचा धीर झाला नाही. जाळायला गेलो, तर हात चालेना,” तो म्हणाला. “मी त्यांच्या पाया पडलो होतो. म्हटलं, सगळं छापा, तलवार कुकरची आहे म्हणा, मला चालेल. पण अल्घाची पाठ छापू नका. माझ्या मुलाच्या बाकावर या नटाचा खोकला कोरलाय, हे जगाला सांगू नका. लोक त्या बाकावर बसून हसतील हो! तर ते हसले. म्हणाले, ‘छापून आल्यावर वाच, तुला आवडेल.’ हसले ते माझ्या तोंडावर! मग मी आत जाऊन कॉफी केली.”

“आणि डबी माझी होती,” मुलगी म्हणाली. “माझं काय होईल, याचा विचार नाही केलात?”

“नाही केला,” सेनापती म्हणाला. “तुम्ही कार्डं जाळणार होतात. मला वाटलं, तुम्हाला ही भाषा नकोच आहे.”

“तुम्ही वाचलंत ते कार्ड?” कवळीवाल्याने विचारलं.

“नाही. खणातून काढलंच नाही, मग उलटवणार कुठून? मला ते बघायचंच नव्हतं.”

मुलीने खण पुढे ओढला. सत्तेचाळिसावं कार्ड काढून तिने पालटलं, आणि ती खाली बसली. एकदा तिने ते मनात वाचलं. मग मोठ्याने वाचायला लागली, थांबत थांबत.

“‘चार दिवस ताप. डॉक्टरांनी हात टेकले होते. आज सकाळी सव्वासातला ताप उतरला. पोरीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, अल्घा. वय आठ महिने. अर्थ तिचा तिला ठाऊक, पण मला ऐकू आलं ते असं: मी वैऱ्याच्या हाती लागले नाही. हिची आई म्हणते, हा शब्द जपून ठेव. कधी वापरलाच, तर लढून थकलेल्यासाठी वापरीन, दुसऱ्या कशासाठी नाही.’”

तारीख होती मालिकेच्या आदल्या वर्षाची.

“पण मी तर ओळ विसरलो होतो!” नट पुटपुटला.

“शब्द आधीपासून होता, म्हणजे विसरलेली ओळ तीच होती,” प्रकाशक म्हणाला. “जन्मात एकदा बरोबर म्हणालास, आणि पस्तीस वर्षं ती चूक म्हणून मिरवलीस.”

कुणालाच हसू आलं नाही. सेनापतीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. “परत वाचाल?” त्याने मुलीला विचारलं. तिने परत वाचलं. तापाने तळमळणारं मूल, उशाशी बसलेला बाप. यातलं त्याला काहीच अनोळखी नव्हतं. “हे त्याला आवडलं असतं,” तो म्हणाला. “माझ्या मुलाला. त्यांनी मला नुसतं उलटवून दाखवलं असतं तर...” तो हमसून हमसून रडू लागला, आणि बाईसाहेबांनी त्याला रडू दिलं. मग त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

थोड्या वेळाने मुलगी जिना उतरली. कवळीवाला मागोमाग, गुडघे सांभाळत. रस्ता ओलांडून ती बागेत आली तशी शंभर सुळेवाली माणसं बाजूला झाली. काल जिच्या दारात मोडका सुळा ठेवला, तिला वाट करून देताना कुणाला वर बघवेना. ती बाकाजवळ गेली आणि कोरलेल्या अक्षरांवर तिने तळवा ठेवला.

तिसरा दिवस होता. पहिला शब्द कोण बोलणार, यावर तीन दिवस मंडळात भांडणं चालली होती. तिने वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं.

“अल्घा,” ती म्हणाली. “अल्घा, बाबा.”

एक क्षण गेला, आणि मग शंभर तोंडांतून तो शब्द परत आला. ‘बाबा’ मात्र कुणाला म्हणता आलं नाही. तोंडात सुळे होते ना.

मुलगी डोळे पुसत कवळीवाल्याकडे वळली. “काका, बरोबर म्हटलं का मी?”

“तो शब्द तूच तर पहिल्यांदा म्हटला होतास, बाळा,” कवळीवाला म्हणाला. “तुला चूक कोण म्हणणार?”